इस्तवाची खापरी

जव्हारचं संस्थान गेलं त्या साली पोशेऱ्यात दुकान झालं, काडेपेट्या आल्या, आणि दिवेलागणीला शेजारणीकडे इस्तव मागायला जायची रीत मोडली. गौराला करमेना. निखाऱ्यांच्या निमित्तानं दाराशी चार शब्द व्हायचे, तेही गेले.

म्हणून परवा अंधारातून एक खापरी पुढे आली आणि कुणी म्हणालं, "इस्तव दे गं बाय," तेव्हा तिला बरंच वाटलं. शेजारची चंद्राच असणार. चेहरा न बघताच तिनं चिमट्यानं निखारे घातले. कालही घातले.

आज पाण्यावर चंद्रा भेटली. गौरा हसून म्हणाली, "काडेपेटी संपली का गं तुझी?"

"नाय. मी कुठं आली तुझ्याकडं?"

संध्याकाळी गौरानं लवकरच दार लावून घेतलं. चुलीवर भात ठेवला, दोन लाकडं जास्तीच सारली. भात रटरटू लागला, तशी दाराखालच्या फटीतून खापरी आत सरकली. तिच्यात परवाचे आणि कालचे निखारे होते, लालबुंद, जराही न विझलेले.

बाहेरचा आवाज मायेनं म्हणाला, "घे बाय. आता तुला लागंल."

गौराच्या पाठीमागे चुलीत अंधार झाला आणि भाताची रटरट थांबली.