दुसऱ्या पिंजऱ्यातले दहा

दुसऱ्या पिंजऱ्यातले दहाही उंदीर ठणठणीत होते, आणि मयुरीला नेमकं तेच नको होतं.

बुलढाण्याच्या फार्मसी कॉलेजात तिने चार वर्षं याच एका कामात घातली होती. सगळ्यांच्या पाण्यात आतड्याला सूज आणणारं रसायन. पहिल्या पिंजऱ्याला सोबत शेवग्याच्या पाल्याची पूड, दुसऱ्याला नुसतंच रसायन. पहिले तगायला हवेत, दुसरे आजारी पडायला. परीक्षेच्या ड्युटीवर गेली तेव्हा ते पडलेही होते. पाठी वाकलेल्या, शी पातळ, त्यात रक्त. आठवड्याने परत येऊन बघते तर दोन्हीकडे सारखाच धुडगूस. म्हणजे पुडीशिवायही ते बरे झाले, पूड बिनकामाची. महिनाभरात प्रबंध जमा करायचा, आणि हातात धुपाटणं.

तिने दुसऱ्या पिंजऱ्याची पाण्याची बाटली काढून उजेडात धरली. तळाशी हिरवा गाळ होता.

"मामा, याच्यात काय टाकलं?"

प्राणिघराचे शिपाई कडूबामामा मोरीवर भांडी घासत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "पूड. आपलीच. रोज चमचाभर."

"काऊन पण? मी बजावून गेली होती ना तुम्हाला!"

"तुमीच सांगतलं होतं ताई. पेशीत एक राखणदार झोपेल राह्यते. पूड त्याले उठवते, मंग तो आतल्या आत आग इझवते. मंग या दहाईचा राखणदार काऊन झोपू द्याचा? रक्त पडून राह्यलं होतं त्याईचं. मले नाही पाहवलं."

मयुरी स्टुलावर बसली. संताप डोक्यात गेला होता, तरी हिशेब आपोआप जुळत होता. पुडीने काम केलं होतं. तिने मागितलं होतं त्याहून जास्त. पडलेल्यांनाही उठवलं होतं. तिला आनंद झाला, आणि झाला म्हणून रडूच आलं. कारण यातली एक ओळही प्रबंधात लिहिता येणार नव्हती. कोणी, किती, कधी टाकलं, याला मामांच्या शब्दापलीकडे पुरावा काय?

"पुन्हा पहिल्यापासून करावं लागते मामा," ती शेवटी म्हणाली. "मुदत वाढवून मागते. नवे वीस उंदीर आणू. पण त्यातले दहा आजारीच राह्यले पाहिजेत. शेवटपर्यंत. नाही तर पूड खरी ठरत नाही."

कडूबामामांनी नळ बंद केला. हात पुसले. मग कमरेची प्राणिघराची किल्ली सोडून तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"ही तुमच्यापाशीच ठेवा ताई. माह्यापाशी राह्यली, तं मी पुन्हा टाकीन."