अजून एक मूठ

“अजून एक मूठ टाक वो पोरी, हात काऊन आखडून राहिली?” दुलारीनं युरियाचं घमेलं लेकीपुढं सरकवलं.

योगेश्वरीनं मूठ भरली. ओल्या हाताला युरिया बर्फासारखा गार लागायचा आणि ती दर वेळी खुदकन हसायची. वाफाही होताच तसा! वांग्याची झाडं तिच्या कमरेला लागली होती. पानं सुपाएवढी आणि हिरवा रंग इतका गर्द की काळाच म्हणावा. अख्ख्या नवेगाव बांध गावात असा वाफा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

पैज बापाची होती. दहावीचे पेपर द्यायच्या आधीच रूपलाल चारचौघांत बोलून बसला होता, “रिझल्टच्या आत इच्या वाफ्यातून दहा टोपल्या वांगे बाजारात गेले तं जाईल गोंदियाले शिकाले. नाही तं बसंल घरी.” मग तो आपल्या उन्हाळी धानात गुंतला. योगेश्वरीनं मात्र होस्टेलातली खाटसुद्धा ठरवून टाकली. खिडकीजवळची!

पुस्तकाबाहेर तिला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माय होती ना तिच्या बाजूनं. सोसायटीपुढं भर उन्हात रांग लावून युरियाचं पोतं मायनंच आणलं. दर आठवड्याला खत द्यायला तिनंच बजावलं. एकदाच काय ती म्हणाली होती, “तू गेल्यावर मी या घरात कोनासंग बोलू वो?” आणि स्वतःच हसली होती. योगेश्वरीनं तिच्या गळ्यात हात टाकले होते, “फोन आहे ना माय!”

आता रिझल्ट परवावर आला होता आणि एक टोपलीही भरली नव्हती. चार फुलं यायची, तीही गळायची.

“खत कमी पडत असंल,” माय म्हणायची.

आजही तेच म्हणून ती कुंपणाकडे गेली. पलीकडं शेजारची सुलोचनाबाई आपल्या वांग्यांना युरिया टाकत होती. घमेलं कुठं ठेवायचं ते विचारायला योगेश्वरी मायच्या मागोमाग निघाली आणि थबकली.

“येड्या झाल्या काय वो सुलोचनाबाई?” माय कुंपणावरून ओरडत होती. “मूठ मूठ कायले टाकता? झाड माजते, पालाच पाला होते, वांगं धरत नाही. चिमूटभर पुरे. वीस वर्सं भाजीची वाडी करून राहिली मी!”

माय वळली. मागं लेक उभी होती. तिची मूठ अजून मिटलेली होती आणि आतला युरिया घामानं विरघळत होता.



“राहीन मी घरीच,” योगेश्वरी म्हणाली. “पण आता तू कोनासंग बोलशील, माय?”