न बघता

“सात,” बोलिंगचा बॉल पिनांवर आदळताच तो म्हणाला आणि वळून सोफ्यावर येऊन बसलासुद्धा. वरच्या पडद्यावर सातचा आकडा उमटायला अजून दोन सेकंद होते.

नातीने टाळ्या पिटल्या. “आजोबांना न बघताच कळतं, किती पिना पडल्या ते.”

“सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतोय, बाळा. मागच्या सीटवर कोण कुणाला चिमटा काढतंय, तेही मला न बघताच कळतं.”

त्या सव्वीस वर्षांत बसला साधा ओरखडाही नाही, म्हणून शाळेने त्याचा सत्कार केला होता आणि सोबत हे कूपन दिलं होतं. तिघांचं जेवण आणि बोलिंगचा एक खेळ. जागा मोठ्या झोकात जुनी केलेली होती. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनचे सोफे, भिंतीतून अर्धी बाहेर आलेली एक जुनी मोटार आणि सगळीकडे गुलाबी-निळा मिणमिणता उजेड. आल्या आल्या त्याने त्या मोटारीच्या बॉनेटवरून हात फिरवून तिचं मॉडेल सांगितलं, तेव्हा वेटर चाट पडला. मेन्यूकार्ड मात्र त्याने उघडलंच नाही. “तू सांगशील ते,” म्हणाला. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर याला एवढं शहाणपण सुचलं, म्हणून बायको मनातल्या मनात हसली होती.

तिच्यासमोर उंच ग्लासात कॉकटेल होतं, वर कागदी छत्री खोचलेलं. त्याच्यासमोर नुसता सोडा. गाडी चालवायची असली की तो थेंबालाही शिवत नसे, आणि गाडी तर त्याला रोजच चालवायची असे. “अंधार पडायच्या आत निघू हं,” हे त्याचं दोनदा सांगून झालं होतं. “पोरीला लवकर झोप येते.” पोरगी टक्क जागी होती.

पुन्हा त्याचा नंबर आला. त्याने बॉल सोडला. बॉल थोडा सरळ गेला, डावीकडे कलला आणि मुकाट्याने कडेच्या पन्हळीत उतरला. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या पट्टीवर कुणाचा तरी बॉल धाडकन आदळला आणि खडखडाट झाला.

“नऊ,” तो म्हणाला.

पडद्यावर शून्य आलं.

नात खिदळत सुटली. “आजोबा, तुमचा बॉल तर गटारात गेला. नऊ त्या काकांच्या पडल्या.”

“अगं, गंमत केली तुझी,” तो म्हणाला. हसला. हसत हसत त्याने बायकोच्या जागेकडे पाहिलं. ती मघाशीच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकली होती. तिथे तिची पर्स होती. तो पर्सकडे बघून हसत राहिला.

बायकोने ते पाहिलं. न उघडलेलं मेन्यूकार्ड, अंधाराआधी निघायची घाई, गेले कित्येक महिने काही ना काही सबब सांगून रात्री गाडी बाहेर न काढणं. सगळं एकदम तिच्यापुढे येऊन उभं राहिलं. आणि सोमवारी सकाळी सात वाजता चाळीस पोरं. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली ही नात. तिला भीती वाटली, त्याचा रागही आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण ती तर डोळे धडधाकट असून काही बघत नव्हती.

तिने अजून तोंडही न लावलेला आपला ग्लास त्याच्यापुढे सरकवला. “हे तुम्ही घ्या.”

“अगं, मला गाडी चालवायचीय.”

“आज मी चालवते.”

गाडी तिला त्यानेच शिकवली होती. पण शिकवताना तो शेजारी बसून जागच्या जागी पायाने ब्रेक दाबत राही, म्हणून त्यानंतर त्याला बसवून तिने कधी गाडी चालवली नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं.

“दिवसा दिसतं मला,” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

“किती?”

त्याने चाचपून छत्री बाजूला केली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “गोड आहे फार.”

“अहो, किती दिसतं?”

त्याने खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. एकाच कड्यात दोन, घरच्या गाडीची आखूड आणि बसची लांब. ती नखाने कडं फाकवून आखूड किल्ली सोडवायला लागली. कडं घट्ट होतं.

“काढू नकोस,” तो म्हणाला. “दोन्ही तुझ्याकडेच ठेव.”

तिने किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि चेन ओढली. त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला, तर तिने ठेवला.

“आजोबा, तुमचा अजून एक बॉल राहिलाय,” नातीने हाक मारली.

तो उठला. बॉल घेऊन रेषेपाशी उभा राहिला, पण टाकला नाही.

“बाळा,” तो म्हणाला, “जरा बघून सांग मला. किती उभ्या आहेत?”

नात त्याच्या शेजारी गेली. बोट पुढे करून तिने एकेक पिन मोजली, मग खात्री करायला पुन्हा मोजली.

“सगळ्या, आजोबा. एकही पडली नाही.”