दारातला रांजण

“चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत दारातला रांजण रिकामा ठेवू नकोस. आणि पाणी आपल्या विहिरीचंच, सोवळ्यानं भरलेलं.” सासूबाईंना मी तसं वचन दिलं होतं. वाटसरूंसाठी तो भरल्याशिवाय मी स्वतः घोटभरही घेत नाही.

आज नगरपालिकेची भोंग्याची रिक्षा दारात थांबली. दवंडीवाले भाऊजी दोन पेले गटागटा प्यायले. “वहिनी, तुमच्या रांजणापुढं फ्रिज पाणी भरतो!” म्हणत त्यांनी माईक उचलला आणि नवा कागद वाचायला घेतला.

“नळाला चौथ्या दिवशी पाणी येईल. टँकर वेशीपाशी उभा राहील. राममंदिरामागच्या विहिरीत गटाराचं पाणी झिरपलं आहे. ते कोणीही पिऊ...” भोंगा एकदम गप्प झाला.

ती आमचीच विहीर. सकाळपासून अर्धा बाजार पिऊन गेला होता.

“भाऊजी, आधी दवाखान्यात जा. आणि माझं नाव घेऊन भोंग्यावर सांगा, आमच्याकडचं पाणी प्यायलेल्या सगळ्यांनी तिकडे जावं.”

मी रांजण उपडा केला, राखेनं घासला. मनात सासूबाईंची क्षमा मागितली, घागर उचलली आणि कोरड्या घशानं वेशीकडे निघाले.