हिरवा दोरा

नव्या तहसीलदारांच्या प्रशिक्षणात पडद्यावर पुढचं उदाहरण आलं. मुलं पळवणाऱ्या टोळीचा, एआयनं बनवलेला खोटा व्हिडिओ, बिथरलेला जमाव, एकाचा मृत्यू. गावाचं नाव झाकलेलं, मृताचा चेहरा पुसट केलेला. निळ्या शर्टाचं बटण मात्र हिरव्या दोऱ्यानं लावलेलं दिसत होतं.

"बोला मॅडम, तुमच्या तालुक्यात असं झालं तर?"

हेमांगी उभी राहिली. आधी पोलीस, मग गावातल्याच माणसाच्या तोंडून खुलासा, असं तिनं सांगितलं. आवाज कुठंही अडखळला नाही.

"वा! डोकं असं थंड हवं!" टाळ्या पडल्या.

ती बसली. चहा आला, तो प्यायली.

त्या सकाळी बटण लावताना घाईत हिरवाच दोरा हाताला लागला होता.

"असू दे गं ताई, बटणाकडं कोण बघतंय!" भाऊ म्हणाला होता.