भोंग्याचे अंदाज

"वहिनी, खाली काय शोधताय?"

दिराच्या मित्राने, ज्याला सगळे चष्माच म्हणायचे, विचारलं आणि वहिनीची बोटं कंट्रोलरखाली जागच्या जागी थिजली. टीव्हीवरच्या गेममधला तिचा गडी पुन्हा खड्ड्यात पडला. रविवारची दुपार होती. धाकट्या दिराचं टोळकं बाहेरच्या खोलीत जमलं होतं आणि खेळायला एक जण कमी पडला म्हणून तिला स्वयंपाकघरातून ओढून आणलं होतं. उडी मारायची म्हणून ती कंट्रोलरच्या पोटाशी, मागच्या बाजूला, बोटं दाबत होती. एकदा नव्हे, दर उडीला. आणि तिथं बटणच नव्हतं.

बटण होतं ते नव्या कंट्रोलरला. बाजारात अजून न आलेल्या, सारं जग ज्याच्याकडे डोळे लावून बसलं होतं, त्या नव्या गेम मशीनच्या. वहिनी कामाला होती त्या कारखान्यात एका बंद हॉलमध्ये ती आणि आणखी काही बायका दिवसभर तोच हातात धरून बसायच्या. कुठलं बटण अडकतं, कुठलं सैल पडतं, हे बघणं त्यांचं काम. आत जाताना फोन बाहेर ठेवायचा. घरी कुणी विचारलं तर 'प्लास्टिकचं काम आहे' एवढंच सांगायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकीच्या घरातून बातमी फुटली, तरी सगळा हॉल घरी बसेल."

नवऱ्याचं दुकान बुडाल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं. आणि नुसता पगारच कशाला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या हातांना हुशार म्हटलं होतं. ही नोकरी तिला जिवापाड प्यारी होती.

आणि नशीब बघा, बातम्यांचं दुकान तिच्याच घरात! दिराला सगळे भोंगा म्हणायचे, ते काही उगाच नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. नवं मशीन कसं असेल, जुने गेम त्यावर चालतील का, रंग काय, रूप काय, हे तो फोनवर व्हिडिओ करून रोज सांगायचा आणि ऐकणारे हजारो. मागच्या मशीनबद्दलचे त्याचे अंदाज तंतोतंत खरे निघाले होते. तेव्हापासून टोळक्याने त्याला गुरू मानलं होतं. नोकरी नाही, धंदा नाही, पण ह्या एका गोष्टीत त्याचा शब्द चालायचा आणि तो त्यावर ताठ मानेनं फिरायचा.

चष्मा काही वहिनीला सोडेना. "गुरू, नव्याला मागच्या बाजूला बटणं असतील का रे?"

वहिनीने बोटं झटकन वर घेतली. तिने दिराकडे बघितलं. तो तिच्या हातांकडे बघत होता. मग एकदम खो खो हसला.

"अरे, तिला कुठं खेळता येतंय! हाताला लागेल तिथं दाबते. जा गं वहिनी, तुझी भाजी करपेल."

वहिनी उठली. अपमान झाला खरा, पण तो तिला गुळासारखा गोड लागला. आतून तिने ऐकलं, बाहेर भोंगा चांगलाच पेटला होता. "मागे बटणं? शक्यच नाही! निघाली तर मिशी उतरवीन." ती मिशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तेच त्याने फोनवरही सगळ्यांना ठणकावून सांगितलं आणि पुढे रोज सांगत राहिला. मागच्या बटणांचा विषय कुणी काढला की तो त्याला वेड्यात काढायचा. गुरूच म्हणतो म्हटल्यावर चष्माही गप्प बसला.

वहिनी मनातल्या मनात देवाचे आभार मानायची, की बाबा रे, माझ्या दिराला अक्कल थोडी कमी दिलीस, फार बरं केलंस.

अखेर मशीन जगाला दाखवायचा दिवस उजाडला. संध्याकाळी टोळकं टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलं. पडद्यावरच्या माणसाने कंट्रोलर उचलला आणि उलटा केला. मागे दोन बटणं.

खोलीत एकच गिल्ला झाला. "गुरू, वस्तरा आणू का?" भोंग्याच्या फोनवर टिंगलीचा पाऊस पडला. तो निमूटपणे उठून न्हाणीघरात गेला आणि मिशी उतरवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला. वरचा ओठ नुसता पांढराफटक. वहिनीला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

"भाऊजी, आता सांगायला हरकत नाही," ती हळूच म्हणाली. "ती बटणं मी रोज…"

"ठाऊक आहे. त्या रविवारीच कळलं."

"काय कळलं?"

"खेळता न येणारा माणूस कुठंही दाबतो गं. तू दर वेळी एकाच जागी दाबत होतीस. तुझं ते 'प्लास्टिकचं काम' कुठलं, ते तेव्हाच उमगलं."

वहिनीने विचारलं, "मग… मिशी का लावलीत पणाला?"

"त्याशिवाय चष्म्याने नाद सोडला असता होय?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज्याच्या अकलेवर ती इतके दिवस हसली, त्यानेच तिच्यावर छत्री धरली होती. स्वतः मात्र भिजत उभा होता. "फार उपकार केलेत भाऊजी. आत्ता बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना, तुम्हाला आधीच माहीत होतं म्हणून. तुमचं नाव तरी परत मिळेल."

भोंग्याने झटकन तिची वाट अडवली.

"खुळी का काय तू! पुढचं मशीनही तुमच्याच कारखान्यात येणार ना? तोवर मी असाच चुकत राहिलेला बरा."