पेस्लिपचा धडा

सिडनीत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या कौमुदीने या आठवड्यात पगाराचा धडा घेतला. टॅक्स किती कापतात, म्हातारपणासाठीचा 'सुपर' फंड मालकाने कसा भरायचा असतो, कामावरून काढलं तर काय मागायचं. नेपाळची बुजरी सरिता तोंडच उघडेना, तेव्हा तिच्याकडून एकच वाक्य वीस वेळा घोटून घेतलं, "सर, मे आय सी माय पेस्लिप, प्लीज?"

संध्याकाळी नवरा, शैलेंद्र, हॅरिस पार्क भागातलं आपलं मिठाईचं दुकान बंद करून आला तो धुमसतच.

"किचनमधली ती नेपाळी मुलगी. सहा महिने रोख पगार मुकाट घेत होती, आज सगळ्यांसमोर माझ्याकडे पेस्लिप मागते. कोण शिकवतं गं यांना हे?"

कौमुदीने त्याच्यापुढे पाणी ठेवलं.



"शेवटी 'प्लीज' म्हणाली ना पण?"